चित्रपटांची भित्तिपत्रके : संग्रह आणि पारख

माझे गाव बहादरपूर. बुऱ्हाणपूरला लागूनच. मराठी मुलुखाच्या उत्तर टोकाला, राज्याच्या हद्दीने मध्य प्रदेशात गेलेले. चित्रपट-वितरणाच्या व्यवहारात देशाचे जे विभाग पाडले गेले त्यांत आमचा प्रदेश जुन्या 'सी. पी. बेरार' विभागात मोडे, आणि या विभागातल्या वितरकांची मोठी ठाणी भुसावळ व अमरावती येथे होती. त्यामुळे बुऱ्हाणपुरात लागणाऱ्या चित्रपटाची पेटी भुसावळहून रेल्वेने येई आणि तिच्याबरोबर घडी घातलेल्या भित्तिपत्रकांचा गठ्ठाही येई. आमच्या आळीतले एक गृहस्थ ही पत्रके डकवण्याचे काम करीत. मैद्याच्या खळीची बादली, लांब दांड्याचा ब्रश आणि खांद्यावर शिडी. शुक्रवारी नवे पत्रक जुन्यावरच चढे, आणि पावसाळ्यात सगळी चळत एकदम गळून पडली की गुरे ती खळीच्या चवीने खात. उरलेली पत्रके धान्याच्या कणगीखाली अंथरायला जात. ही मोठमोठी रंगीत चित्रे कुणी काढली असतील, असा प्रश्न त्या वेळी मलाही पडला नव्हता.

आज तीच पत्रके काचेमागे लागतात. त्यांच्या 'मर्यादित आवृत्त्या' निघतात, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घातलेला असतो आणि विद्यार्थी वर्गसुद्धा पैसे साठवून त्या विकत घेतो. घेण्यात वावगे काहीच नाही. परंतु घेणाऱ्याला आपण नेमके काय घेत आहोत हे कळत असावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम मुळाकडे जाऊ. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला तेव्हा युरोपात भित्तिपत्रक ही कला म्हणून मान्य झालेली होती. पॅरिसमध्ये ज्यूल शेरे आणि तुलूझ-लोत्रेक यांची पत्रके लोक रात्री भिंतीवरून ओली असतानाच सोलून नेत. या हौसेचा उपयोग करून शेरेच्या देखरेखीखाली शे नावाच्या छापखान्याने १८९५ ते १९०० या काळात गाजलेल्या पत्रकांच्या लहान आकाराच्या प्रती महिन्याला चार याप्रमाणे वर्गणीदारांना पुरवल्या. अशी एकूण २५६ चित्रे निघाली. भिंतीसाठी छापलेले चित्र संग्राहकासाठी निराळे छापायचे, ही कल्पना येथे पक्की झाली. आजची 'मर्यादित आवृत्ती' हे याच कल्पनेचे नातवंड.

आपल्याकडे या कलेचा उगम शोधू गेल्यास कोल्हापूरला जावे लागते. त्याआधी दादासाहेब फाळके होतेच. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते राजा रविवर्म्याच्या शिळाछापखान्यासाठी काम करीत होते, म्हणजे आपल्या चित्रपटाचा जनकच मुळात मुद्रणातला माणूस. परंतु भित्तिपत्रकाला चित्रकलेचा दर्जा दिला तो बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता ते आणि त्यांचे बंधू आनंदराव चित्रपटाच्या नादी लागले. आनंदराव १९१६ साली वारले. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२४ सालच्या त्यांच्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, बाबूरावांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. नायट्रेटची फिल्म जळाली, कुजली, चांदीसाठी वितळवली गेली, आणि भिंतीवर चार आठवडे टिकावा म्हणून छापलेला कागद मात्र शंभर वर्षे राहिला. संशोधकाला या पत्रकांची किंमत वाटते ती या कारणाने. पुष्कळ ठिकाणी चित्रपटाचा तोच एकमेव दृश्य पुरावा उरला आहे.

बाबूरावांच्या हाताखालून विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोघे चित्रकार तयार झाले आणि १९२९ साली 'प्रभात'च्या संस्थापकांत सामील झाले. त्या परंपरेचा धागा पुढे मुंबईत गेला. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना येथे एक नाव मुद्दाम सांगतो. एस. एम. पंडित (१९१६–१९९३) हे गुलबर्ग्याचे, आताच्या कलबुर्गीचे. मुंबईत १९३८ साली उघडलेल्या मेट्रो चित्रपटगृहासाठी त्यांनी हॉलिवूडच्या चित्रपटांची शो-कार्डे रंगवली, 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठे काढली आणि पुढे पौराणिक चित्रांनी घरोघरची कॅलेंडरे भरून टाकली. त्यांच्या नंतरच्या पिढीत दिवाकर करकरे यांनी 'दीवार' (१९७५) सारख्या पत्रकांत चाकूने रंग थापून चेहऱ्यावर जो खरबरीतपणा आणला, तो त्या दशकातल्या संतप्त नायकाला असा शोभला की नायकाचा राग आपल्याला आधी रंगात दिसला आणि मग अभिनयात, असे म्हटले तरी चालेल. (हे माझे मत आहे. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक ते मान्य करीत नाहीत.)

आता मुद्रणाकडे. पारखीचा सगळा भाग येथेच आहे. जुनी पत्रके शिळाछापाची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर ही पद्धत चालते. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची, वर शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट रेघांना धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, पुढच्या काळात वेगळा जस्ताचा पत्रा. म्हणजे चार रंगांचे पत्रक छापायला तोच कागद चार वेळा यंत्रातून जायचा. एक बारकावा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. चित्रकार मूळ चित्र कागदावर रंगवून देई, पण त्याचे रंग वेगळे करून शिळेवर उतरवणारा कारागीर बहुधा दुसराच असे. त्याचे नाव पत्रकावर कधीच येत नसे. तेव्हा 'हे अमक्याच्या हातचे' असे आपण म्हणतो त्यात दुसऱ्या एका हाताचा वाटा असतो. पुढे ऑफसेट आले, फोटो आले, आणि १९९० नंतरच्या दशकात संगणकाने छापलेल्या फ्लेक्सने हाताने रंगवलेल्या फलकांचा धंदा बसवला.

दहा पटींचे एक साधे भिंग घ्या. शिळाछापाच्या पत्रकात खडूचा अनियमित रवा दिसेल, जणू खरखरीत भिंतीवर कोळसा फिरवला आहे. ऑफसेटमध्ये एका मापाने मांडलेले ठिपके दिसतील, चार रंगांचे ठिपके मिळून बारीक फुलासारखी नक्षी होते. शाई फवारणाऱ्या संगणकी यंत्राची छपाई असेल तर ठिपके विखुरलेले, धुळीसारखे असतात. रेशमी जाळीतून, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने, छापलेल्या चित्रात ठिपके बहुधा नसतातच. रंग सपाट आणि जाड बसतो, बोटाला त्याची कड लागते. आता पुढचा तर्क करा. १९५० च्या आसपासचे म्हणून दाखवलेले पत्रक भिंगाखाली धूळ दाखवीत असेल तर विक्रेत्याला दुसरा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. उलट १९७८ च्या पत्रकात ऑफसेटचे ठिपके दिसले म्हणून ते खोटे ठरत नाही. ते तसेच छापले जात होते.

भिंगाने न सुटणारी एक अडचण आहे. आपल्याकडे चालणारे चित्रपट वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत आणि दर वेळी नवी पत्रके छापली जात. 'मदर इंडिया' १९५७ चा, पण त्याचे हाती आलेले पत्रक पुढच्या कोणत्याही फेरीतले असू शकते. 'मुघल-ए-आझम' १९६० चा, आणि त्याची रंगीत केलेली आवृत्ती २००४ ची, तिची पत्रके निराळी. म्हणून चित्रपटाचे वर्ष आणि पत्रकाचे वर्ष या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव असते, ते आधी वाचावे. आकार मोजावा. आपल्याकडचे पूर्ण पत्रक साधारण ३० बाय ४० इंचांचे, अर्धे २० बाय ३० चे. घडीच्या खुणा असल्या तर नाक मुरडू नये. पत्रके घडी घालूनच रवाना होत, तेव्हा जुन्या म्हणवणाऱ्या पण घडीच नसलेल्या कोऱ्या करकरीत कागदाविषयीच शंका घ्यावी.

मग मर्यादित आवृत्ती म्हणजे काय? भित्तिपत्रक हजारोंनी छापले जाते आणि नाशातून दुर्मिळ होते. ठरवून कुणीच ते दुर्मिळ केलेले नसते. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन चित्रपटाच्या एका पत्रकाच्या अवघ्या चार प्रती ठाऊक होत्या आणि २००५ साली त्यांतली एक ६,९०,००० डॉलरना गेली. मर्यादित आवृत्ती याच्या उलट. तेथे दुर्मिळता आधीच ठरवलेली असते. ३७/१०० असे लिहिले म्हणजे शंभरातली सदतिसावी प्रत. शिळेच्या किंवा जाळीच्या छपाईत या आकड्याला वजन होते, कारण छपाई संपल्यावर शिळा घासून टाकीत, जाळी धुऊन टाकीत, आणि एकशे एकावी प्रत काढायचीच तर सगळे पुन्हा करावे लागे. अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या माँडो या संस्थेने या शतकाच्या आरंभापासून नव्या चित्रकारांकडून जुन्या चित्रपटांची पत्रके नव्याने काढून घेतली आणि जाळीने छापून क्रमांकासह विकली. ते नवे काम होते आणि नवे म्हणूनच विकले गेले. संगणकी छपाईत मात्र पुसायला काहीच नसते. तेथे शंभराचा आकडा म्हणजे विक्रेत्याने दिलेला शब्द, त्याहून अधिक काही नाही.

याचा दाखला स्वतःचाच देतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानात मी एका जुन्या हिंदी चित्रपटाची 'मर्यादित आवृत्ती' घेतली. आठवड्याभराच्या जेवणाचे पैसे त्यात गेले. क्रमांक होता, शिक्का होता, जाड कागद होता. घरी भिंगाखाली धूळ दिसली ती दिसलीच, पण वाईट वाटले ते दुसऱ्या गोष्टीचे. मूळ पत्रकाच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, ती येथे सफाईने पुसून त्या जागी दुकानाचे चिन्ह आले होते.

यात कायद्याचा संबंध येतो तो थोडक्यात असा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणजे निर्माता. चित्रकाराचा नव्हे. म्हणूनच पुनर्मुद्रणाचा पैसा या मंडळींच्या घरी सहसा पोहोचत नाही. मात्र मालकी गेली तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो, असे तोच कायदा कलम ५७ मध्ये म्हणतो. हक्काची मुदत कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. बाबूराव पेंटर १९५४ साली वारले, त्या हिशेबाने २०१४ अखेर त्यांच्या चित्रांची मुदत संपली. त्यांचे पत्रक आज कुणीही छापू शकतो, त्यावर क्रमांकही घालू शकतो. याउलट मूळ पत्रकाला आता शंभर वर्षे झाली असल्याने ते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते, आणि तसे झाल्यास परदेशी पाठवता येणार नाही.

जतनाविषयी थोडे. हा कागद हलका आणि आम्लयुक्त, उन्हाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. फाटत चाललेले पत्रक जुन्या नकाशांप्रमाणे गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने कापडावर चढवतात. पाण्याने सुटणारी खळ असल्याने पुढे कुणाला ते उतरवता येते. साधा धुतलेला मांजरपाट पुरतो, आणि बुऱ्हाणपुरात मागांची कमतरता नाही. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा पेटी उघडून पाहावी. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबर पत्रकेही जमवली. अभ्यासासाठी जाणाऱ्याने आधी तेथे पत्र टाकावे.

आळीतले ते गृहस्थ आता नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माळ्यावरचा गठ्ठा घर रंगवताना रद्दीत गेल्याचे कळले. कणगीखालचे तीन तावच उरले होते. दोन ऑफसेटचे. तिसऱ्याचा खालचा अर्धा भाग उंदरांनी खाल्ला आहे, चित्रपटाचे नाव गेले, छापखान्याचे नावही गेले, पण भिंगाखाली नायिकेच्या गालावर खडूचा रवा स्पष्ट दिसतो. त्यांच्या सुनेने ते मला नुसतेच दिले. मागच्या बाजूस पेन्सिलीने मी एवढेच लिहिले आहे : बहादरपूर, कणगीखालून, शिळाछाप किंवा जस्तछाप, चित्रकार अज्ञात.