बसून झोपणारी कुत्री

खामगावच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पुण्यातल्या प्राणिमित्रांकडून त्यांनी इंग्लिश बुलडॉग जातीची एक कुत्री घरी आणली. वय अंदाजे पाच. कुणीतरी पिल्लांच्या धंद्यासाठी तिला पिंजऱ्यात ठेवलं, पोटावर दोन-तीन वेळा टाके पडले आणि पिल्लं होईनाशी झाल्यावर रस्त्यावर सोडून दिलं. आता ताईंच्या घरी तिला तीन आठवडे झालेत. तक्रारी अशा: रात्री आडवी होत नाही, बसल्या बसल्या पेंगते. फिरायला नेलं की गल्लीच्या कोपऱ्यावर फतकल मारते. खाल्लेलं बाहेर काढते. मुलीने पाठीवरून हात फिरवला तर गुरगुरते. आणि घरात कुठेही लघवी करते. ‘तिला वळण कसं लावायचं?’ असा प्रश्न आहे.

ताई, एवढ्यात वळण लावायला जाऊ नका. तुम्ही लिहिलेल्या पाच तक्रारींतली एकही मला स्वभावाची वाटत नाही. पाचही शरीराच्या असू शकतात, आणि त्या तपासल्याशिवाय तिला रागावणं म्हणजे दम्याच्या पेशंटला आळशी म्हणण्यासारखं आहे.

आधी झोपेचं बघू. बुलडॉग ही इंग्लंडमध्ये बैलाला झोंबण्याच्या खेळासाठी पोसलेली जात. १८३५ साली तो खेळ कायद्याने बंद झाला, कुत्र्याचं काम गेलं. पुढे प्रदर्शनातल्या बक्षिसांपायी माणसांनी त्याचं तोंड चपटं करत नेलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळूचा मऊ भाग लांब होऊन घशात लोंबतो, श्वासनलिका बहुतेकदा मुळातच अरुंद. जागेपणी स्नायूंचा ताण घसा उघडा ठेवतो. झोप लागली की तो सैल पडतो आणि वाट बंद होते. आडवं पडलं की गुदमरायला होतं, म्हणून हे कुत्रे बसून झोपतात, हनुवटी पलंगाच्या कडेवर टेकवतात, काही जण तर तोंडात खेळणं धरून झोपतात, म्हणजे जबडा उघडा राहतो. माणसाच्या स्लीप ॲप्नियाचा अभ्यास करताना अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ मध्ये नैसर्गिक नमुना म्हणून इंग्लिश बुलडॉगच घेतला होता. समाजमाध्यमांवर घोरणाऱ्या बुलडॉगचे व्हिडिओ लोक हसत हसत पाहतात. मला ते बघवत नाहीत.

घरी एवढं करा. ती गाढ झोपली असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा. तीसच्या आत असेल तर ठीक. रोजच त्याच्या वर जात असेल तर दाखवायला हवं. दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा, आवाजासकट. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा तसाही धापा टाकतो. तुमचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगेल. तपासताना डॉक्टरांना विनंती करा की आधी स्वस्थ असताना आणि मग तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवून घशावर स्टेथोस्कोप लावून ऐका. केंब्रिज विद्यापीठाने ठरवलेली ही साधी पद्धत आहे, शून्य ते तीन अशी श्रेणी मिळते, आणि तिला कुठलं यंत्र लागत नाही. चालताना जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर मात्र चाचणी-बिचणी काही नाही, तिथेच थांबायचं.

कोपऱ्यावर फतकल मारण्याचं कोडंही इथेच सुटतं. तिचा दम तेवढाच आहे. ती बसली की बसू द्या, पट्टा ओढू नका. पट्टा म्हणजे गळ्यातला पट्टा तर नकोच. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या.

आता उन्हाचं. महाशिवरात्र जवळ आली आहे, म्हणजे तुमच्याकडे फार दिवस नाहीत. बुलढाणा शहर घाटावर आहे, तिथे थोडं तरी निभतं. खाली खामगाव, नांदुरा, मलकापूर हा पूर्णेच्या खोऱ्याचा पट्टा मे महिन्यात ४३-४४ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. नाकातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होऊन तो थंड होतो, आणि बुलडॉगला ते नाकच जवळपास नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या २०१६ सालच्या नोंदी तपासल्या तेव्हा लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघाताचा धोका चौदा पट निघाला. आणि ते ब्रिटनचं ऊन! तिथल्या कडक उन्हाळ्याला आपण संक्रांतीनंतरची दुपार म्हणू.

म्हणून मार्च ते जून फिरणं सूर्य उगवायच्या आधी, आणि रात्री फरशी-डांबर निवल्यावर. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. सहन झाली नाही तर तिचे पंजेही सोसणार नाहीत. टिनाच्या शेडखाली, गच्चीवरच्या खोलीत किंवा बंद गाडीत तिला पाच मिनिटंही ठेवू नका. कूलरबद्दल एक गोष्ट आपल्या भागात हमखास चुकते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर आणि वाळ्याचा पडदा उत्तम काम देतात. पण मृगाचा पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली, की तोच कूलर खोलीत आणखी दमटपणा भरतो. दमट हवेत जिभेवरच्या पाण्याची वाफ होत नाही, कुत्री कितीही धापा टाको. बाहेर पारा उतरलेला, घरात गारवा वाटतोय, आणि तिला मात्र धाप लागलेली, असा प्रकार जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतो. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, खिडक्या उघड्या ठेवा. एसी असेल तर तिची जागा त्या खोलीत करा.

धाप थांबत नाही, लाळ दाट झाली, चाल डगमगते, हिरड्या लालभडक झाल्या, तर उष्माघात धरून चला. सावलीत आणा, डोकं वर धरा, अंगभर नळाचं पाणी ओता आणि पंखा लावा. ओलं गोणपाट अंगावर टाकून ठेवू नका. थोड्याच वेळात ते गरम होतं आणि आतली उष्णता कोंडून धरतं. बळजबरीने पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाईल. घरात थर्मामीटर असू द्या. कुत्र्याचं तापमान गुदद्वारात घेतात; १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट नेहमीचं, १०५ च्या पुढे जिवावरचं. १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा आणि दवाखान्यात न्या. आधी थंड करायचं आणि मग गाडीत घालायचं, हा क्रम उलटा करू नका. वरून ठीक दिसली तरी न्या, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांच्यावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो.

पत्रात जाता जाता लिहिलं आहे की सासरे ‘वावरातलं औषध फडक्याने लावा, गोचीड पटापट गळतील’ म्हणतात. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि पऱ्हाटीवर फवारायच्या औषधाची बाटली कुत्रीपासून आणि लेकरांपासून लांब ठेवा. ही कीटकनाशकं कातडीतून रक्तात जातात. लाळ गळणं, थरथर, जुलाब, श्वास अडकणं, आणि काही तासांत मृत्यू, असे कुत्रे दरवर्षी दवाखान्यात येतात आणि सगळेच वाचत नाहीत. गोचिडांसाठी आता कुत्र्याला खाऊ घालायच्या गोळ्या मिळतात, वजनानुसार, महिनाभर किंवा तीन महिने पुरणाऱ्या. कधी झटका आला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कुत्र्यावरचा गोचीड पोट भरला की खाली उतरतो, भिंतीच्या फटीत जातो आणि मादी हजारो अंडी घालते. तेव्हा तिची बसायची जागा, ओट्याच्या फटी, दाराच्या चौकटी यांची सफाईही हवी. पहिल्याच भेटीत रक्त तपासून घ्या, विशेषतः प्लेटलेट. गोचीडतापाचा कुत्रा मलूल असतो, खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात. लोकांना वाटतं नव्या घरात रुळत नाहीये.

पाठीला हात लावल्यावरची गुरगुर. तिची शेपटी बघा. बुलडॉगची शेपटी आखूड, पिळलेली, आणि तिच्या बुडाशी कातडीची खोबण असते. तिथे ओल साचते, बुरशी आणि जिवाणू वाढतात, कुबट वास येतो, पू होतो. त्या जागेजवळ कुणी हात नेला तर ती गुरगुरणारच. इतकी वर्षं पिंजऱ्यात काढलेल्या कुत्रीचे खुबेही दुखत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. चेहऱ्याच्या आणि शेपटीच्या घड्या दिवसाआड क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने पुसा, पण डोळ्यांत ते जाऊ देऊ नका, आणि मग कोरड्या मऊ फडक्याने टिपा. कोरडं करणं हाच उपचार आहे. खोबरेल, हळद, टाल्कम पावडर यांपैकी काही भरू नका. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ दिसली तर ती ग्रंथी अश्रू तयार करते. कापून टाकण्याऐवजी आत बसवून टाके घालणारा सर्जन शोधा. आणि माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन दुखण्यावर देऊ नका, कितीही कमी मात्रेत.

लघवीसाठी आधी लघवीची तपासणी. या जातीत युरेट नावाचे खडे होतात, आणि वारंवार पिल्लं झालेल्या मादीला जंतुसंसर्गही असू शकतो. अहवाल स्वच्छ आला तरच सवयीकडे वळा. तेव्हा एवढं लक्षात घ्या की पिंजऱ्यात तिला झोपायची आणि मुतायची जागा एकच होती. खाणं झाल्यावर, उठल्यावर, दर दोन-तीन तासांनी अंगणात एकाच ठिकाणी न्या. केलं की लगेच बक्षीस. फरशीवर झालं तर न बोलता पुसायचं.

ओकारीचंही नीट पाहा. पोट आत ओढत ओकते, की काही न होता अन्न तसंच बाहेर पडतं? दुसरा प्रकार असेल तर तो बहुधा श्वासाच्याच दुखण्याचा भाऊ आहे. श्वास ओढायला लागणाऱ्या जोराने जठराचा भाग वर सरकतो. दिवसाचं खाणं तीन वेळांत वाटा, पसरट ताटलीत द्या, खाल्ल्यावर अर्धा तास शांत बसू द्या. अन्न बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. कांदा-लसूण घातलेलं वरण, बेदाणे, चॉकलेट नको. फासळ्या बोटांना सहज लागतील इतकीच ती भरलेली असावी. मादीचं वजन २३ किलोच्या आसपास पुरे. बुलडॉग जाडच शोभतो म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे दुर्लक्ष करा. चढणारा प्रत्येक किलो तिच्या घशावर बसतो.

जुने कागद नसतील तर लस झालीच नाही असं धरा. रेबीजची आणि बाकी रोगांची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी एकत्रित लशीचा दुसरा डोस. दरम्यान ती कुणाला चावली किंवा दात लागला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. घरची आहे म्हणून सोडून देऊ नका.

घरात तिला एक कोपरा द्या जिथे कुणी येणार नाही. गुळगुळीत टाइल्सवर तिचे पाय घसरतात, जुनी सतरंजी अंथरा. कुकरची शिट्टी, मिक्सर, जिना, गवत, हे सगळं तिला नवीन आहे. शेजारपाजारचे ‘चपट्या तोंडाचं कुत्रं’ बघायला येतील, त्यांना महिनाभर दारातूनच चहा पाजा. मुलीला सांगा की मिठी मारायची नाही, ती जवळ आली तर छातीला खाजवायचं. या जातीचा चेहरा वाचणं अवघड असतं. कपाळाच्या घड्या हलत नाहीत, शेपूट हलवायला उरलेली नाही, त्यामुळे ती घाबरली आहे हे माणसालाच काय, गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळत नाही. अंग ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ओठ चाटणं, या खुणा शिका. गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुरणं बंद केलं की पुढच्या वेळी ती इशारा न देता चावेल.

शेजाऱ्यांनी ‘या जातीवर बंदी आहे’ म्हटलं आहे, त्याचं उत्तर छोटं. १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या पत्रात २३ जाती होत्या, त्यात अमेरिकन बुलडॉग होता, इंग्लिश नव्हता. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्दही केलं. उलट, तिला उपाशी मरायला रस्त्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! त्या काळी ही रक्कम टोचत असेल.

शेवटचा प्रश्न शस्त्रक्रियेचा. नाकपुड्या रुंद करणं, टाळूचा लोंबता भाग कमी करणं आणि नसबंदी ही कामं शक्यतो एकाच भुलीत उरकावीत, कारण या जातीत सगळ्यात मोठी जोखीम भुलीचीच. भूल देण्याआधी ऑक्सिजन, घशात नळी, आणि ती पूर्ण शुद्धीवर येऊन नळी चघळू लागेपर्यंत नळी न काढणं, एवढं जिथे होतं तिथेच करा. विचारायला संकोच करू नका. खामगावहून अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था जवळ आहे, तिथे आधी दाखवा. श्वासाच्या त्या चाचणीत श्रेणी तीन निघाली तर होळीच्या आत करून घ्या. कमी असेल आणि वजन जास्त असेल, तर उन्हाळा सांभाळून काढा, वजन उतरवा आणि दिवाळीनंतरची तारीख घ्या. तोवर तिच्या माजाच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती जास्त पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं किंवा मागून पू येताना दिसला, तर गर्भाशयात पू झाला असं समजा. मग दिवाळीची तारीख राहू द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.