खोड गाडलं, तिथंच चुकलं

प्रश्न : दोन फुटी टाकीतला अनुबियास महिन्याभरात बुडाशी काळा पडून सडला. नागपूरच्या मे महिन्यात पाण्यातली झाडं जगतात का?

उत्तर : जगतात की! तुमचा अनुबियास उन्हानं नाही, बहुधा वाळूत गाडल्यानं गेला. त्याचं आडवं, जाड खोड उघडंच लागतं. दोऱ्यानं दगडाला बांधा, मुळं दगड आपोआप धरतात. खोड बोटानं दाबून पाहा : मऊ लागेल तो भाग कापून टाका, कडक हिरवा तुकडा पुन्हा फुटेल. बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकला की झाकण काढून पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. आपल्या कूलरचंच तत्त्व. कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आटलेलं मात्र रोज भरा. दिवा सात तास पुरे, नाहीतर शेवाळ माजतं.