बदलतं ते छापलं, टिकतं ते राहून गेलं

पुण्यात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. माल घडवून घेतो तो तांबट आळीतल्या कारागिरांकडून. पेशवाईत कोकणातून येऊन इथे वसलेल्या तांबटांची ही आळी, आणि मठारकामाचा, म्हणजे हातोडीने भांड्यावर ठोके उमटवण्याचा, आवाज तिथे आजही ऐकू येतो. बाहेरगावची हॉटेलं आणि दिवाळीला भेटी देणाऱ्या कंपन्या यांच्याकडून विचारणा वाढली, तेव्हा आम्ही कॅटलॉग छापायचं ठरवलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर २००० प्रती आल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त रद्दीत गेल्या. पैसे गेलेच, पण ज्यांच्या हातून ती भांडी घडली त्यांचं काम आम्हांला नीट मांडता आलं नाही, ही बोच अजून आहे. कॅटलॉग काढायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिली चूक किमतीची. प्रत्येक भांड्याखाली आम्ही ठळक आकडा छापला. आमचा माल वजनावर जातो. तांब्याचा दर आणि वर मजुरी, असा हिशेब. दर सतत हलतो, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तो कागदावर कायमचा उतरवला. दोन महिन्यांत भाव चढला आणि एका हॉटेलमालकांनी कॅटलॉगचं पान पुढे करून जुन्याच दरात ४० तांबे मागितले. छापलेला शब्द आमचा होता. माल तोट्यात दिला.

जे कधी बदलत नाही ते मात्र आम्ही दिलंच नव्हतं. एका फोटोखाली नुसतं 'घंगाळ, मोठं' असं लिहिलं होतं. सोलापूरच्या एका बाईंनी ते मागवलं. त्यांच्या मनातलं मोठं घंगाळ म्हणजे अंघोळीचं पाणी काढायचं; आमचं होतं दिवाणखान्यात फुलं तरंगत ठेवायचं. पार्सल परत आलं. चूक त्यांची नव्हती. शेजारी मापाला काही नसेल तर फोटोत वाटी आणि हंडा सारखेच दिसतात. किती लिटर मावतं, तोंडाचा व्यास किती, उंची, वजन, आतून कल्हई आहे की नाही, हे सगळं लिहायला हवं होतं. कल्हईची बाब तर तब्येतीची आहे. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आमटी, सार, ताक असं आंबट काही करू नये, ठेवूही नये, हे दुकानात आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. कॅटलॉग हातात घेऊन घरी बसलेल्याला ते कोण सांगणार?

तिसरा घाव रंगाचा. फोटो मोबाइलवर पाहून आम्ही पसंत केले. पडदा उजेडाने रंग दाखवतो; ऑफसेटवर चार शाया कागदावर बसतात. चकाकी शाईत नसते. तांब्याची झळाळी विटकरी झाली आणि पितळ मातकट. त्यातून फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवलेले, म्हणजे आधीच आक्रसलेले; मठाराचे ठोके पार पुसले गेले. प्रेसने प्रूफ काढू का, असं विचारलं होतं. घाईपोटी मी नको म्हणालो.

आता आमची पद्धत अशी. फोटोग्राफरला बोलावण्याआधी मालाची यादी पक्की करायची. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, आणि तो पुढे कधीही बदलायचा नाही. वजनकाटा आणि टेप घेऊन प्रत्येक भांडं मोजायचं. अंदाजाने काही लिहायचं नाही. किंमत कॅटलॉगात नाही. तारीख घातलेलं दरपत्रक वेगळं, एका साध्या कागदावर. भाव बदलला की तेवढंच नवं काढायचं.

फोटो भांडं उजळल्यावर लगेच घ्यायचे, कारण तांबं काळवंडायला वेळ लागत नाही. दिवा थेट मारायचा नाही, पांढऱ्या कापडातून उजेड सोडायचा, म्हणजे पोटावर खोलीचं प्रतिबिंब उमटत नाही. फोटो जितक्या आकारात छापायचा, त्या आकाराला इंचामागे ३०० पिक्सेल हवेत, म्हणजे आठ इंच रुंद चित्राला २४०० पिक्सेल. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी. पानाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडावं, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते.

पानं चारच्या पटीत धरा, कारण पिन मारलेल्या पुस्तिकेत दुमडलेल्या एका कागदाची चार पानं होतात. आमची ४२ भरली होती. शेवटी दोन कोरी राहिली. जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर नव्यात आणताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून शेवटचं वाचन छपाईला जाणाऱ्या पीडीएफवरच करा. फोन नंबर वाचून सोडू नका, लावून बघा.

प्रतींच्या बाबतीत मोह आवरा. छपाईच्या प्लेटचा खर्च एकदाच होतो, म्हणून जास्त छापल्या की प्रत स्वस्त पडते. पण न वाटलेली प्रत कितीही स्वस्त असली तरी तोट्याचीच. आधी कॅटलॉग कुणाला द्यायचा त्यांची नावं लिहून काढा, मग आकडा ठरवा. आम्ही दुसऱ्या वेळी ५०० छापल्या.

त्या वेळी रंगीत प्रूफ घेऊन मी आधी तांबट आळीत गेलो. आमच्या वयोवृद्ध कारागिरांनी पान खिडकीपाशी नेऊन ठोके निरखले, दोन पानं उलटली आणि एका कळशीच्या वजनावर बोट ठेवलं. "हे बरोबर नाही," ते म्हणाले. काट्यावर ठेवून पाहिलं, तर २०० ग्रॅमचा फरक निघाला. प्लेट निघाल्या नव्हत्या, तेवढ्यात दुरुस्ती झाली. प्रूफ मालकाने पाहावं, डिझायनरने पाहावं. पण ज्याने वस्तू घडवली त्याच्या हातात ते गेल्याशिवाय प्रेसला होकार देऊ नका.