सेफ्टी आधी, हलका ट्रिगर नंतर

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली हौसेने बाळगणाऱ्या माझ्या मराठी मित्रांना एक कळकळीचं सांगणं आहे. ट्रिगर बदललेली माउझर विकत घेतलीत, तर रेंजवर नेण्याआधी तिची सेफ्टी तपासा. माझ्याकडे आलेल्या माउझर ९८ ला आधीच्या मालकाने बाजारातला नवा ट्रिगर बसवून घेतला होता. चाप इतका सुरेख सुटायचा की कोणीही हरखून जावं.

मूळ लष्करी ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. आधी लांब, सैल ओढ आणि मग जड अडथळा. पुष्कळांना तो कंटाळवाणा वाटतो, पण तो मुद्दाम तसा केलेला आहे. सीअरची, म्हणजे ताणलेली फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या भागाची, पकड खोल असल्यामुळे चिखलात, थंडीत, धक्क्यातही रायफल आपणहून सुटत नाही. नवा ट्रिगर ही पकड कमी करतो, म्हणून तो हलका लागतो.

खरी गोम मात्र सेफ्टीत आहे. माउझरची सेफ्टी बोल्टच्या मागच्या टोकाला असते. ती लावली की कॉकिंग पीस, म्हणजे फायरिंग पिनच्या मागच्या टोकाला जोडलेला तुकडा, किंचित मागे ओढला जातो आणि सीअरवरून उचलला जातो. नव्या ट्रिगरचा सीअर कॉकिंग पीसला मूळ जागेपेक्षा जरा मागे किंवा पुढे धरू शकतो. सेफ्टी लागेनाशी झाली, की बसवणारा तिची कड थोडी घासतो. थोडी जास्त घासली, तर ती लागते, पण कॉकिंग पीस उचलत नाही. अशा वेळी सेफ्टी लावलेली असताना चाप ओढला गेला, तर कॉकिंग पीस केसभर पुढे सरकून सेफ्टीवर टेकतो आणि सीअर त्याच्याखाली अडकतो. मग सेफ्टी काढताक्षणी गोळी सुटते. चापावर बोट नसतानाही!

माझ्या रायफलीत नेमकं हेच होतं. मॅगझिन आणि चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, नळी सुरक्षित दिशेला धरली, बोल्ट बंद केला, सेफ्टी लावली, चाप ओढून सोडला आणि सेफ्टी काढली. टक्! फायरिंग पिन पडली. चेंबरमध्ये काडतूस असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

घासून गेलेला धातू परत येत नाही, म्हणून गनस्मिथने नवी सेफ्टी घेऊन ती या ट्रिगरला जुळवून बसवली. तुम्हीही हे काम जाणत्या माणसाकडेच द्या. काम झाल्यावर त्याच्यासमोरच रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करून पाहा, दस्त्याच्या तळाला रबरी हातोडीने ठोके द्या. पिन एकदाही पडता कामा नये. ओढ दोन पौंडांवर आणायचा मोह आवरा. तीन-चार पौंड पुरे. ट्रिगरची पेटी लाकडाला कुठे घासते का, तेही पाहायला लावा. दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून पावसाळी दिवसांत हीच तपासणी पुन्हा करा.