नवा शिक्षक गावात का टिकतो?

शाळेला नवा शिक्षक मिळाला म्हणजे गावाला समाधान वाटते. परंतु दोनतीन वर्षांतच तो बदलीचा अर्ज करतो आणि जागा पुन्हा रिकामी होते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इंगरसोल यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेथील शिक्षकांची चणचण निवृत्तीपेक्षा मध्येच शाळा सोडून जाणाऱ्यांमुळे अधिक निर्माण होते, असे दाखवून दिले. तेथे अनेक नवे शिक्षक हा पेशाच सोडतात. आपल्याकडे सरकारी नोकरी सहसा कोणी सोडत नाही. शिक्षक सोडतो ती शाळा. तो सेवेत राहतो, म्हणून ही गळती सहज नजरेस येत नाही.

याचे कारण म्हणून प्रथम वेतनाकडे बोट दाखविले जाते, आणि ते अगदीच निराधार नाही. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकास तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर काढावी लागत. २०२३ पासून हे मानधन १६,००० रुपये झाले. मध्य प्रदेशात शिक्षाकर्मी व संविदा शिक्षक म्हणून लागलेल्यांना शिक्षण विभागाच्या नियमित संवर्गात येण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले. तुटपुंज्या मानधनात परगावी खोली घेऊन राहणे आणि घरीही पैसे पाठविणे कोणालाही कठीणच. तथापि पूर्ण वेतन घेणारेही बदली मागतात, हे विसरून चालणार नाही.

खरी परीक्षा पहिल्या वर्षाची असते. अध्यापक विद्यालयातील पाठ शिक्षकाने एका इयत्तेसमोर, मार्गदर्शक मागे बसले असताना घेतलेले असतात. लहान गावात त्याच्यापुढे एकाच खोलीत दोन किंवा चार इयत्ता बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरवून दिले आहेत; म्हणजे दोघेही हजर असले तरी प्रत्येकाच्या वाट्यास दोन इयत्ता येणारच. पहिलीला अक्षरओळख चालू असता चौथीला कोणते काम द्यावे, हे पुस्तक वाचून येत नाही. त्यात मुलांची घरची बोली निराळी: गोव्यात कोकणी, बेळगाव भागात पुष्कळदा कन्नड. मूल उत्तर देत नाही ते त्याला येत नाही म्हणून, की प्रश्नच कळला नाही म्हणून, हे ओळखायला नवख्याला काही महिने लागतात. शिवाय हजेरीपत्रक, मध्यान्ह आहाराची नोंदवही आणि नाना प्रकारची माहितीपत्रके भरायची असतात. अशा वेळी विचारायला जवळ कोणी नसले, तर आपल्याला शिकविणेच जमत नाही असे त्याला वाटू लागते. बदलीच्या अर्जात कारण घरगुती अडचणींचे लिहिलेले असते.

गोवा मुक्त झाल्यावर, विशेषतः १९६३ नंतर दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि महाराष्ट्रातून अनेक शिक्षक तेथे गेले. त्यांतील काही तेथेच स्थायिक झाले. अनोळखी मुलखात परक्या माणसाला राहायला जागा आणि चार घरांचा शेजार मिळणे, याचे मोल अशा वेळी पगाराहून कमी नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अवाजवी बदल्या थांबविण्याचा आणि ग्रामीण शाळांजवळ निवासाची सोय किंवा वाढीव घरभाडे भत्ता देण्याचा पुरस्कार केला आहे. कर्नाटकात बदल्यांसाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदाच झाला. बदलीचे नियम स्पष्ट झाले म्हणजे वशिल्याची धावपळ कमी होते, हे खरे. पण नियमाने धरून ठेवलेला शिक्षक मनाने तेथे असेलच असे नाही. त्यासाठी अधिकाऱ्याने पहिल्या भेटीत दप्तर तपासण्याआधी एक पाठ बसून पाहावा. केंद्रातील एखाद्या अनुभवी शिक्षकाने महिन्यातून एक दिवस नव्या सोबत्याच्या वर्गात काढावा. आणि शाळा व्यवस्थापन समितीने पाऊस सुरू होण्यापूर्वी त्याच्यासाठी न गळणारी एक खोली पाहून ठेवावी.