साडेतीनचा दर

आक्कांनी पावती माझ्यापुढे धरली तेव्हा डेअरीतलं सकाळचं संकलन संपत आलं होतं. सोबत सातवीत शिकणारी नात होती. बोलली तीच.

"इथं फॅट साडेतीन लिहिलंय. भिंतीवरच्या दरपत्रकात साडेतीनला जो दर आहे, तो इथं नाही. इथं तीन पॉइंट चारचा आहे. असं का?"

ही २०१२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. वारणाकाठच्या एका गावातल्या दूध संस्थेसाठी मी डेस्कटॉप प्रोग्राम लिहून दिला होता. व्हीबी डॉट नेटमध्ये लिहिलेला, माहिती अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये. विंडोज ७ चा एक संगणक, त्याला जोडलेला वजनकाटा, दुधाचं फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅटखेरीजचे घन पदार्थ) मोजणारं मशीन आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. २१ जूनला काम सुरू झालं होतं. तोवर दर दहा दिवसांची सात बिलं त्यातून निघाली होती आणि कुणाची तक्रार नव्हती.

पावती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत छापली जायची. त्या प्रिंटरच्या टेक्स्ट मोडमध्ये देवनागरी नव्हती. मराठी छापायचं तर अक्षरांचं चित्र करून पाठवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. रांग खोळंबू नये म्हणून मी इंग्रजी ठेवली. अडीच महिने आक्का ती पावती घडी करून कनवटीला लावत होत्या, पण त्यांना ती वाचता येत नव्हती. नात सुट्टीला आली म्हणून ती वाचली गेली. मला आजही सगळ्यांत जास्त सलतं ते हेच.

मी त्या मुलीला म्हणालो, "मशीनचं कॅलिब्रेशन बघायला लागेल." पुढचे दोन दिवस मी फॅटचं मशीन तपासण्यात घालवले. एकच नमुना दहा-दहा वेळा लावला. मशीन बरोबर होतं. मुलीनं मात्र पहिल्याच वाक्यात नेमकी जागा दाखवली होती: फॅट बरोबर छापलंय, दर चुकलाय. म्हणजे दोष या दोन आकड्यांच्या मधे, माझ्या लिहिण्यात. वापरणाऱ्या माणसानं तक्रार ज्या शब्दांत केली ते शब्द आता मी जसेच्या तसे वहीत लिहून घेतो, आणि त्यानं जिथं बोट ठेवलं तिथूनच शोधायला लागतो.

दोष असा होता. दरपत्रकातली फॅटची पायरी मी हातानं भरली नव्हती. ३.० पासून सुरुवात, दर वेळी ०.१ मिळवायचं आणि पुढची पायरी तयार करायची, असा लूप होता. आकडे 'डबल' या प्रकारात. संगणक डबलमधले आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ हा आकडा त्या पद्धतीत नेमका बसत नाही. आपल्याकडे एक भागिले तीनचं उत्तर ०.३३३ करत कधीच संपत नाही, तसंच. त्यामुळे ३.० नंतर ३.१ ठीक येतं, ३.२ ठीक येतं, पण त्यात ०.१ मिळवलं की ३.३ येत नाही, ३.३००००००००००००००३ येतं. दोन पायऱ्या पुढे ३.५००००००००००००००४. आणि दर शोधताना माझी अट होती की नमुन्याचं फॅट पायरीइतकं किंवा जास्त असेल तर ती पायरी लागू. मशीनकडून आलेलं ३.५ हे त्या पायरीपेक्षा केसभर कमी. म्हणून दर ३.४ चा. ३.३ ला ३.२ चा, ३.४ ला ३.३ चा.

हे मला दिसलं का नाही? कारण डॉट नेट फ्रेमवर्क डबल आकडा छापताना पंधराच अंक दाखवायचं. पायरी छापून पाहिली तरी ३.५, फॅट छापून पाहिलं तरी ३.५. दोन्ही सारखेच. 'जी१७' हा फॉरमॅट देऊन सतरा अंक छापले तेव्हा शेवटचा चार दिसला. ज्यांना कधी 'दोन्ही आकडे सारखे आहेत, तरी तुलना चुकते' असा अनुभव येतो, त्यांनी पहिल्यांदा सतरा अंक छापून बघावेत.

एका पॉइंटला तीस पैसे. आक्कांचं दोन वेळचं मिळून बारा लिटर दूध. दिवसाला ३ रुपये ६० पैसे, दहा दिवसांना ३६ रुपये.

दुरुस्ती म्हणून सगळीकडे 'डेसिमल' हा प्रकार वापरता आला असता. पैशाच्या हिशेबाला तो घ्यावाच. पण फॅटसाठी त्याहून सोपं उत्तर गावातच होतं. दूधवाले 'पॉइंट'मध्ये बोलतात. 'पाच पॉइंट कमी लागलं,' 'दोन पॉइंट वाढलं.' म्हणजे त्यांच्या मनात फॅट हा ३५ असा पूर्णांकच आहे. मी फॅट आणि एसएनएफ दोन्ही पूर्ण पॉइंटमध्ये साठवायला लागलो, पैसे पैशांत, वजन ग्रॅममध्ये. दशांश चिन्ह फक्त छापताना. ज्या व्यवसायासाठी लिहितो आहोत, तिथली माणसं कोणत्या एककात मोजतात हे आधी कान देऊन ऐकलं असतं, तर हा लूप मी लिहिलाच नसता.

जाता जाता एक: डॉट नेटचं 'मॅथ.राउंड' अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतं. २.५ चे २ होतात, ३.५ चे ४. शेतकऱ्याच्या वहीत अर्धा नेहमी वर जातो. संस्थेची रीत विचारून ती स्पष्ट लिहावी.

याच प्रोग्राममधली दुसरी एक चूक पहिल्याच झटक्यात पकडली गेली होती, आणि त्यानं मी गाफील झालो होतो. १० जुलैचं बिल काढलं तर सगळ्यांची रक्कम दुपटीच्या आसपास. संस्थेच्या सचिवांनी एका नजरेत ओळखलं. तारखा मी एसक्यूएलच्या मजकुरात जोडत होतो, आपल्या पद्धतीनं, आधी दिवस मग महिना. अ‍ॅक्सेसचं इंजिन मात्र अशी तारीख अमेरिकी पद्धतीनं, आधी महिना मग दिवस, वाचतं. ०१/०७ ते १०/०७ ही मागणी त्याच्या लेखी ७ जानेवारी ते ७ ऑक्टोबर झाली आणि सुरुवातीपासूनचं सगळं दूध एका बिलात आलं. पण मग जूनचं बिल बरोबर कसं निघालं? २१ ते ३० जून. एकविसावा महिना नसतो, म्हणून इंजिनानं गुपचूप उलटं वाचून घेतलं. माझी सगळी चाचणी महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत झालेली. तेव्हापासून तारखेची चाचणी मी ५ तारखेची आणि २५ तारखेची अशी दोन्ही घेतो, आणि एसक्यूएलमध्ये मजकूर जोडण्याऐवजी पॅरामीटर वापरतो. पॅरामीटरनं आणखी एक दुखणं जातं. सावंतवाडीकडच्या एका कामात डि'सोझा आणि डि'कोस्टा या आडनावांची नोंदच होत नव्हती. नावातला तो वरचा स्वल्पविराम एसक्यूएलला मजकुराचा शेवट वाटायचा.

बिल दुप्पट झालं की गाव गोळा होतं. तीस पैसे कमी पडले तर कुणी येत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं भ्यायचं ते दुसऱ्या जातीच्या चुकीला.

आता 'नॉट रिस्पॉन्डिंग'विषयी, कारण डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते भेटतं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी पडदा पांढरा पडायचा. मागं किटल्या घेऊन वीस माणसं उभी, आणि सचिवांचा मदतनीस थेट मेन स्विच बंद करायचा. विंडोजमध्ये खिडकीसाठीचे सगळे निरोप, माउसचे, कीबोर्डचे, पडदा पुन्हा रंगवण्याचे, एका रांगेत लागतात आणि एकच धागा, म्हणजे थ्रेड, ते एकेक उचलतो. मी त्याच धाग्याला वजनकाट्याकडून आकडा येईपर्यंत थांबवून ठेवलं होतं. पाच सेकंद निरोप उचलले गेले नाहीत की विंडोज त्या खिडकीला मेलेली समजतं.

घाईत मी लूपमध्ये 'डूइव्हेंट्स' टाकलं. पडदा हलायला लागला, पण नवं संकट आलं: वाट बघत असताना मदतनीस पुन्हा बटण दाबायचा, तेच काम आतल्या आत दुसऱ्यांदा सुरू व्हायचं आणि एकाच किटलीच्या दोन नोंदी व्हायच्या. हा उपाय कुणी सुचवला तर घेऊ नका. काट्याकडून वाचायचं काम वेगळ्या धाग्यावर टाका, तिथून पडद्याला थेट हात लावू नका, निरोप 'बिगिनइन्व्होक'नं पाठवा. साधं 'इन्व्होक' वापरलं तर पोर्ट बंद करताना दोन्ही धागे एकमेकांची वाट बघत अडकून बसतात. तेही मी एका संध्याकाळी अनुभवलं आहे. काम चालू असेपर्यंत बटण बंद ठेवा.

काट्याकडून येणारा आकडाही एकसंध येत नाही. १२.४५ कधी '१२' आणि मागून '.४५' असा तुकड्यांत येतो. आला तो तुकडा वजन म्हणून घेतला तर बारा किलो साडेचारशे ग्रॅमांसाठी भांडणाऱ्या माणसाशी आपण काय बोलणार? ओळीच्या शेवटाची खूण येईपर्यंत तुकडे साठवा, मगच वाचा. आणि यूएसबीचा कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की कॉम पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून तो क्रमांक प्रोग्राममध्ये कोरू नका.

मेन स्विच बंद होणारच, हे धरून चाला. गावात वीजही जाते. पावतीची नोंद आणि खात्यातली रक्कम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असली तर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. सेटिंगची फाइल आधी दुसऱ्या नावानं पूर्ण लिहावी, मग मूळच्या जागी बसवावी. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

ऑगस्टमधला एक प्रकार मला पार चक्रावून गेला. सकाळच्या नोंदी संध्याकाळी दिसत नव्हत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत दिसत होत्या. सकाळी सचिव त्यांच्या खात्यानं लॉगिन करायचे, संध्याकाळी मदतनीस त्याच्या. माहितीची फाइल मी प्रोग्रामच्या शेजारीच, प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवली होती. साध्या वापरकर्त्याला तिथं लिहिता येत नाही. पण मॅनिफेस्ट नसलेल्या ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामला व्हिस्टापासून विंडोज नकार देत नाही. ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरकडे वळवतं. म्हणून दोघांच्या दोन फाइली झाल्या, आणि दोघंही आपापल्या जागी खरे. सामायिक माहिती प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये ठेवावी, आणि तिथं सगळ्यांना लिहिण्याची परवानगी इन्स्टॉलरनंच द्यावी, नाहीतर पहिल्यानं तयार केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही.

हे शोधायला आठवडा गेला. त्याचं कारण विंडोज नव्हतं. माझ्या बहुतेक फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' होतं. म्हणजे चूक झाली तरी पुढे चल. लोकांसमोर लाल खुणेची खिडकी येऊ नये म्हणून मी ते घातलं होतं. त्या एका ओळीनं मला आणि संस्थेला आंधळं केलं. रिकामा 'कॅच' हा तोच प्रकार. ज्या चुकीवर आपल्याला खरंच काही करता येतं तेवढीच पकडावी. बाकीची प्रत्येक चूक तारीख, वेळ, वापरकर्ता आणि पूर्ण स्टॅक ट्रेससह फाइलमध्ये लिहावी आणि समोरच्या माणसाला मराठीत सांगावं: 'ही नोंद झालेली नाही, वजन वहीत लिहून ठेवा.' वही काउंटरवर असतेच. तिचा उपयोग होऊ द्यावा.

सप्टेंबरात मला एकाच गोष्टीनं वाचवलं. प्रत्येक पावतीबरोबर मशीनकडून आलेलं मूळ फॅट, एसएनएफ आणि वजन मी साठवून ठेवलं होतं, नुसती रक्कम नव्हे. त्यामुळे सातही बिलं पहिल्यापासून पुन्हा काढता आली. आता मी दरपत्रकही तारखेसह जपतो. नवं आलं तरी जुनं पुसत नाही. संचालकांच्या बैठकीत उभं राहून चूक कशी झाली ते सांगितलं. सोपं नव्हतं. सचिव म्हणाले, "पुढच्या बिलात गुपचूप जमा करू." मी फरकाची वेगळी पावती द्यायचा आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. आक्कांचा फरक दोनशे रुपयांच्या वर गेला.

पावती मराठीत करायला आणखी पंधरा दिवस लागले. मजकूर चित्र करून पाठवायचा तर छपाई हळू होते, म्हणून संस्थेचा लांबलचक पत्ता आणि शुभेच्छांच्या ओळी काढून टाकल्या. उरलं फक्त नाव, वजन, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम आणि दरपत्रकाची तारीख. आकडे मोठे. नव्या पावत्या सुरू झाल्या त्या सकाळी मी काउंटरच्या आत सचिवांशेजारी बसलो होतो. नात शाळेसाठी परत गेली होती. आक्का एकट्याच आल्या. त्यांना मराठी आकडे येत होते, एसटीच्या पाट्यांवरून शिकलेले. पावती हातात घेऊन त्या भिंतीवरच्या दरपत्रकापाशी गेल्या, बोटानं ओळ शोधली, आणि मागं रांग थांबलेली असताना सावकाश, मोठ्यानं दोन्हीकडचे आकडे वाचले.