अर्धशिशी : एक न दिसणारे दुखणे



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्च महिन्यातील दुपारचा तास होता. गणित चालले असता मागल्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, फळ्यावरची अर्धी अक्षरे मला दिसत नाहीत." फळा स्वच्छ होता, उजेडही भरपूर होता. मुलगा सबब सांगत आहे, अशी माझी समजूत झाली आणि मी त्यास तसेच उभे राहावयास सांगितले. अर्ध्या तासाने तो दोन्ही हातांनी डोके धरून खाली बसला व मग बाहेर जाऊन ओकला. पुढे त्याच्या आईकडून समजले की, हे दुखणे त्यास दोन वर्षांपासून होते व तिला स्वतःलाही लहानपणापासून होते. त्या मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझ्या अज्ञानामुळे त्याच्यावर अन्याय झाला. तसा दुसऱ्या कोणावर होऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

या दुखण्यास आपण अर्धशिशी म्हणतो, डॉक्टर मायग्रेन म्हणतात. आपल्या भैंसा गावी तीन भाषा नित्य कानी पडतात. उर्दू बोलणारे शेजारी यास 'आधासीसी' म्हणतात, तर तेलुगू बोलणारे 'पार्श्वपु नोप्पि', म्हणजे एका बाजूचे दुखणे, म्हणतात. मायग्रेन हा शब्दही 'अर्धी कवटी' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मस्तकाचे ११ रोग सांगितले असून त्यांत 'अर्धावभेदक' हा एक आहे. तेव्हा हे आजकालच्या नाजूकपणाचे खूळ नव्हे. भाषा निरनिराळ्या असल्या तरी लोकांनी एकच वेदना ओळखून तिला जवळजवळ एकच नाव दिले आहे. मात्र नावावरून फसू नये. कित्येकांचे, विशेषतः मुलांचे, कपाळ दोन्ही बाजूंनी दुखते.

अर्धशिशी म्हणजे केवळ डोकेदुखी नव्हे. पुष्कळांना तिची चाहूल आदल्या दिवशीच लागते. वारंवार जांभया येतात, मान आखडते, विनाकारण चिडचिड होते. काहींच्या डोळ्यांपुढे किल्ल्याच्या तटासारख्या झगमगत्या नागमोडी रेषा दिसू लागतात, किंवा दृष्टीतील एक भागच पुसल्यासारखा होतो. ही अवस्था बहुधा ५ ते ६० मिनिटे टिकते. माझा विद्यार्थी नेमका याच अवस्थेत होता. त्यानंतर घणाचे घाव पडावेत तसा ठणका सुरू होतो. मळमळते, उजेड, आवाज व वास असह्य होतात, आणि जिना चढल्यानेही वेदना वाढते. उपचार न झाल्यास प्रौढांत हे ४ ते ७२ तास चालते. मुलांत त्याहून कमी वेळ. वेदना ओसरली तरी पुढला एक दिवस अंग गळून गेल्यासारखे वाटते.

हे का होते? १९४४ साली ब्राझीलचे शास्त्रज्ञ लिआँव यांनी सशांवर प्रयोग करताना मेंदूच्या पृष्ठभागावरून संथपणे सरकत जाणारी एक लाट पाहिली. ती जेथून जाते तेथील विद्युत्-व्यापार काही काळ मंदावतो. दृष्टीतील झगमग अशाच लाटेमुळे उत्पन्न होते, असे आता मानले जाते. वेदनेचा संबंध चेहरा व मस्तक यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मोठ्या मज्जातंतूशी आहे. या तंतूतून 'सीजीआरपी' नावाचे द्रव्य सुटते व वेदना भडकते. या शोधाबद्दल चार शास्त्रज्ञांना २०२१ सालचे 'ब्रेन प्राइझ' हे पारितोषिक मिळाले. ही प्रवृत्ती बहुधा कुटुंबातून येते. आई व मुलगा दोघांसही ती असावी, यात नवल नाही.

परंतु या रोगाचे खरे ओझे केवळ वेदनेच्या वेळी नसते. एरवीही मनात धास्ती असते. बासरच्या यात्रेस जाऊ, पण वाटेत डोके उठले तर? परीक्षेच्याच दिवशी उठले तर? घरातील गृहिणीची स्थिती याहून कठीण होय. कपाळाला फडके आवळून बांधून ती फोडणीच्या वासात स्वयंपाक उरकते, कारण तिचे दुखणे कोणी दुखणे मानीतच नाही. ताप नाही, जखम नाही, तपासणीत काही निघत नाही. म्हणून जग म्हणते, 'ढोंग आहे.' वस्तुतः बंगळूर व तेथील ग्रामीण परिसरात केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर चार प्रौढांपैकी सुमारे एकास वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेला आढळला, आणि तो स्त्रियांत व खेड्यांत अधिक होता. एवढी माणसे ढोंगी कशी असतील?

अर्धशिशी कशाने उठते, हे प्रत्येकाचे निराळे असते. उपवास, जागरण, अतिनिद्रा, कडक ऊन ही कारणे नेहमीची. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून न्हाण्यामुळे अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ साली प्रसिद्ध केली. आपल्या आजी-आत्या 'न्हाले की डोके उठते' म्हणत, ते उगाच नव्हते. म्हणून रुग्णाने एक लहानशी वही ठेवावी. तीत दुखण्याचा दिवस व वेळ, आदल्या रात्रीची झोप, खाणेपिणे आणि घेतलेले औषध यांची नोंद करावी. दोन-तीन महिन्यांची अशी वही डॉक्टरांस फार उपयोगी पडते.

वेळेवर जेवण, पुरेसे पाणी व नियमित झोप यांनी पुष्कळ लाभ होतो. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने व दुखणे सुरू होताच घ्यावे. परंतु दुकानातून आणलेल्या गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेत राहिल्यास त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते. मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये. वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी प्रतिबंधक औषधेही आहेत. मात्र एकाएकी अतितीव्र वेदना झाली, तापासह मान ताठली, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले किंवा डोक्यास मार लागल्यावर दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मित्रहो, आपल्याकडे परीक्षेचे दिवस आणि उन्हाचे दिवस एकदमच येतात. तेव्हा एखादा सोबती बाकावर डोके टेकून बसला, तर त्यास हसू नका. त्याला खिडकीच्या उजेडापासून दूर बसवा, पाण्याचा पेला द्या, गुरुजींना सांगा. घरी आई कपाळाला फडके बांधून चुलीपाशी उभी असेल, तर तिच्या हातचे काम घ्या आणि खोलीत अंधार करून तिला निजू द्या. औषध डॉक्टर देतील. पण रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणे हे आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. तो विश्वास त्या दिवशी मी ठेवावयास हवा होता.